चांगला माईक

"बाबा, कॅमेऱ्याकडे पाहू नका. रोज पुसता तसंच पुसा."

"रोज पुसतो तवा तू कुठं उठलेला रायतं?" सासरे म्हणाले, आणि कॅमेऱ्याकडे पाहिलंच.

मला हसू आलं. माझ्या हातातला मोबाईल हलला.

"करिष्मा, हात!" पियूष ओरडला. मग त्यानं शर्टाची कॉलर सारखी केली, कॉलरवरचा इवलासा माईक तपासला, आणि घरात कधीच नसतो त्या आवाजात सुरू झाला, "दोस्तों, ये हैं मेरे पिताजी. पैंतीस साल प्लांट में फिटर रहे. और ये जो इनके हाथ में है ना, ये आपकी गाड़ी का सबसे बड़ा दुश्मन है."

सगळ्यांत मोठा शत्रू म्हणजे कॉटन वेस्टचा गोळा. गिरणीतून निघालेल्या टाकाऊ सुताचा गुंता. फिटर लोक हात पुसायला, पाने पुसायला वापरतात. बाबांना निवृत्त होऊन आठ वर्षं झाली होती, पण खिशात रुमाल नसला तरी चालेल, हा गोळा हवाच. रोज सकाळी चहाच्या आधी ते आमची पांढरी मारुती त्यानं पुसायचे. पाणी नाही, काही नाही, कोरडीच. बॉनेटपासून सुरुवात, मग ड्रायव्हरची बाजू, डिकी, आणि पलीकडून फिरून परत बॉनेट. देवपूजा आमच्याकडे नाही. बाबांचं सकाळचं काम हेच.

पोलादाच्या प्लांटला लागून असलेल्या आमच्या मरोद्यात राहणाऱ्याला सांगावं लागत नाही की इथली धूळ साधी नसते. पांढरा शर्ट दोरीवर वाळत घातला की चार दिवसांत त्यावर तांबूस कण दिसतात. पियूषचं म्हणणं, ही धूळ कोरडी घासली की रंगावर केसाएवढे गोल गोल ओरखडे पडतात. त्यानं ते बल्बच्या उजेडात बाबांना दाखवलेही होते. अख्खी गाडी बारीक वर्तुळांनी भरलेली. बाबा म्हणाले होते, "बल्ब घेऊन कोन पाह्यते बापा गाडी?"

त्या दिवशी पियूषनं बॉनेटवर एका बाटलीतलं औषध फवारलं. पाण्यासारखं पारदर्शक. मी मोनूला मागे ओढलं. तीन वर्षांची मुलगी, आणि असल्या बाटल्यांचा वास आला की माझा जीव वर-खाली होतो. मिनिटभर काहीच झालं नाही. मग पांढऱ्या रंगावर एक जांभळा ठिपका उमटला. मग दहा. मग सगळं बॉनेटच जांभळं होऊन ओघळायला लागलं, बंपरवरून थेंब थेंब खाली.

"रंगात रुतलेलं लोखंड आहे हे," पियूष कॅमेरा विसरून मराठीत म्हणाला. "जिथं लोखंड, तिथंच जांभळं होते. तो दिल्लीवाला दाढीवाला नाही का, त्याच्या गाडीवर पाच ठिपके आले तर बोंबलत होता. आपलं पाहा!"

बाबा वाकून पाहत राहिले. बोटानं एक ओघळ पुसला, बोट नाकाजवळ नेलं.

"का बे," ते म्हणाले, "हे औषध माणसाले मारता येते काय? आतून?"

आम्ही तिघंही हसलो. बाबा सगळ्यांत जास्त. हसता हसता त्यांना खोकला आला, आणि तो इतका लांबला की पियूषनं हातानं खूण केली. मी रेकॉर्डिंग बंद केलं.

हा व्हिडिओ डिसेंबरातला.

*

पियूष रस्त्याच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये गाड्या धुण्याचं काम करायचा. नुसतं धुणं त्याला मान्य नव्हतं. त्याला डीटेलिंग करायचं होतं. गाडीचा रंग घासून, चकाकवून, वर थर चढवून नवीसारखी करायची. ही विद्या त्याला कुणी शिकवली नाही. ती त्यानं मोबाईलवर समीक्षा करणाऱ्यांकडून उचलली. जेवताना आमच्या ताटांच्या मधोमध मोबाईल उभा असायचा आणि त्यात कुणीतरी कुणालातरी झापत असायचं. दिल्लीचा दाढीवाला म्हणायचा, टॉवेल जाड हवा. कोइम्बतूरचा एक इंग्रजीतून म्हणायचा, जाड टॉवेल म्हणजे अडाणीपणा. एक पुण्याचा होता, तो दोघांनाही मूर्ख म्हणायचा. पियूष घास हातात धरून त्यांच्याशी वाद घालायचा. सगळ्यांचं एकाच गोष्टीवर एकमत होतं आणि ती पियूषला पाठ होती. सामान चांगलं घ्या. एकदाच घ्या, पण चांगलं घ्या.

बाबांना त्यात काही नवीन वाटायचं नाही. "हे तर मी तुले शाळेत होता तवापासून सांगून राहिलो," ते म्हणायचे. "स्वस्त पाना पयले नटाचे कोने खाते, मंग फिटरचं बोट."

त्यांच्याकडे एक हातभर लांबीचा स्क्रू ड्रायव्हर होता. नोकरीच्या पहिल्या वर्षी नागपूरहून आणलेला. लाकडी मूठ हाताच्या घामानं काळी झालेली, टोक घासून बोथट झालेलं. त्यानं स्क्रू फिरवायचे नसत. टोक चालत्या यंत्राच्या बेअरिंगवर टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची. आत छर्रे कसे फिरतात ते बाबांना ऐकू यायचं. अजून किती दिवस चालेल, हेही ते सांगायचे, म्हणे. त्यांच्या शिफ्टमध्ये साहेबसुद्धा विचारायचे, "आनंदराव, क्या बोलता है?"

एकदा मी विचारलं होतं, "बाबा, एवढ्या धुळीत तुमी तोंडाले काही लावत नव्हते का?"

"मास्क देत होते ना. चांगला भारी होता, रबराचा. मीच काढून ठेवो." ते जरा लाजल्यासारखं हसले. "मास्क लावला का आपलाच श्वास आयकू येते, बाई. बेअरिंग कुठून आयकू येईन?"

मला तेव्हा ते गमतीचं वाटलं होतं. मी माहेरी फोन करून आईलाही सांगितलं होतं.

*

व्हिडिओ चालला. पियूषचे आधीचे व्हिडिओ नातेवाईक आणि सेक्टर सहामधले दोन मित्र पाहायचे. हा कुठून कुठे गेला. लोकांना पियूषपेक्षा बाबा आवडले. 'अंकल रॉकस्टार.' 'अंकल, वो दवाई मुझे भी चाहिए, अंदर वाली.' 'बेटा कंजूस है, बाप को एक टॉवेल नहीं दिलाया.' मी एकेक कमेंट वाचून दाखवायची आणि बाबा पलंगावर बसून मान डोलवायचे. "हा कुठचा? कानपूरचा? अन् मले कसा वयखते?"

आणि मग एक लांबलचक आली. 'भाई, दुनिया को क्वालिटी का ज्ञान देते हो और खुद माइक फुटपाथ का? जब भी अंकल पास आते हैं, घर्र-घर्र की आवाज़ आती है. पहले अपना सामान तो ढंग का लो.'

पियूषचं तोंड उतरलं. त्याखाली बाकीच्यांनीही री ओढली होती. 'सही पकड़े.' 'दूसरा वाला माइक खराब है.'

माईक दोन होते. एक पियूषच्या कॉलरवर, दुसरा बाबांच्या खिशाला. पियूषनं कान लावून ऐकलं. त्याच्या माईकवर आवाज स्वच्छ होता. बाबांच्या माईकवर, खरंच, खाली काहीतरी घरघरत होतं.

"बरोबर बोलले लोक," तो म्हणाला. "चूक माझी हाय. सस्ता घेतला."

मग पुढचा महिनाभर घरात माईक. कोणता माईक चांगला, हे सांगणारे वेगळेच लोक होते आणि तेही एकमेकांना शिव्या देत होते. पियूषनं त्यांचेही सगळे व्हिडिओ पाहिले.

मी तेव्हा काय करत होते? मी मोजत होते. मोनूला दीड वर्षाची असताना निमोनिया झाला होता. तेव्हा डॉक्टरांनी शिकवलं होतं की मूल झोपलं असताना पोट किती वेळा वर-खाली होतं ते घड्याळ लावून मोजायचं. ती सवय मला सुटलीच नाही. मोनू बरी झाली तरी मी मोजते. आणि एकदा नजर बसली की ती कुणावरही बसते. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मारुती दिसायची. दिवाळीला बाबा एका दमात गाडीभोवती फिरायचे. डिसेंबरात ते डिकीपाशी थांबायला लागले, हात टेकवून, जणू तिथे डाग आहे. जानेवारीत आरशापाशीही. ते सुताचा गोळा उलटसुलट करायचे, त्यातला चांगला भाग शोधल्यासारखे, आणि मी खिडकीतून पाहायची की त्यांचे खांदे वर-खाली होताहेत.

"बाबाले दवाखान्यात नेऊन आणा ना एकदा," मी म्हणाले.

"नेलं होतं ना पावसाळ्यात. पंप देला हाय."

"आता जास्त वाटून राहिलं मले."

पियूषनं मोबाईलवरून मान वर केली. तो चिडला नव्हता, हसतच होता. "करिष्मा, मागच्या महिन्यात मोनूच्या पाठीवर मच्छर चावला, तर तू गोवर म्हणून डॉक्टरकडे घेऊन गेली. तुले तर सगळ्याचंच टेन्शन."

खरं होतं ते. मीच माझ्या शब्दाची किंमत घालवून बसले होते.

*

नवा माईक फेब्रुवारीत आला. काळ्या डबीत, मखमलीत बसवलेली दोनाची जोडी. बाबांनी डबी हातात घेऊन वजन पाहिलं, कडा चाचपल्या, झाकण दोनदा उघडून मिटलं. "हां," ते म्हणाले. "हे सामान हाय." बापलेकांचे चेहरे त्या वेळी इतके सारखे दिसत होते की मी मोनूला म्हटलं, पाहा, तुझे दोन बाबा.

दुसरा व्हिडिओ केला. टॉवेल कसा धुवायचा, असा काहीतरी. बाबांच्या हातात पियूषनं नवा जाड निळा टॉवेल दिला होता आणि बाबा तो नव्या सुनेनं ताट धरावं तसा दोन्ही हातांनी धरून होते. त्यांना तो पुसायला मोठा होत होता. गाडीला अर्धी फेरी मारून ते थांबले. पियूष बोलत होता म्हणून कुणाचं लक्ष गेलं नाही.

दुपारी पियूषनं आवाज लावला आणि हेडफोन काढून खाटेवर आपटला.

"ह्याच्यातही हाय! पयल्यापेक्षा जास्तच हाय! एवढा भारी घेऊन—"

"काय झालं गा?" बाबा आतून आले.

"दुसरा माईक पुन्हा घरघर करून राहिला. डिफेक्टिव्ह पीस पाठवला."

"पाहू दे."

पियूषनं हेडफोन त्यांच्या डोक्यावर चढवला. मी दारात उभी होते, मोनूच्या केसांना तेल लावत. बाबांनी डोळे मिटले. मान डावीकडे किंचित कलली. स्क्रू ड्रायव्हर कानाला लावताना ते अशीच मान कलवत असतील. खूप वेळ ऐकलं त्यांनी. पियूष दोनदा "आलं का? आलं का आयकू?" म्हणाला, त्यांनी हात वर करून त्याला गप्प केलं.

मग डोळे उघडले. आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"बेअरिंग गेली हाये," ते म्हणाले.

पियूष हसत सुटला. "बाबा, माईकमंदी बेअरिंग नसते!"

"नसते काय?"

"नाही ना! त्याच्यात काही फिरतच नाही."

"मंग," बाबांनी हेडफोन काढून नीट, वायर गुंडाळून त्याच्या हातात दिला, "मंग माईकच खराब असन. बदलून घे."

पियूषनं व्हिडिओ तसाच टाकला आणि तो माईक परत पाठवला. दहा दिवसांनी नवीन आला. पण बाबा म्हणाले, "मले आता नोको लावू ते. खिशाले ओढल्यासारखं होते." पियूषनं एकट्यानंच पुढचा व्हिडिओ केला. आवाज आरशासारखा स्वच्छ.

"पाह्य," तो मला हेडफोन देत म्हणाला, "पीसच खराब होता तो."

*

त्याच आठवड्यातली गोष्ट. मी कपडे वाळत घालत होते. बाबा ओट्यावर उन्हात बसलेले. मोनू त्यांचा तो लांब स्क्रू ड्रायव्हर घेऊन अंगणभर हिंडत होती; पाण्याच्या मोटारीला लाव, सायकलला लाव, कान देऊन ऐक. बाबांनीच शिकवलेलं. मी पाठमोरी होते. वळून पाहते तर तिनं टोक बाबांच्या छातीवर टेकवलेलं आणि मूठ कानाला.

"मोनू! टोक!" मी ओला टॉवेल टाकून धावले.

"बोथट हाय, बाई," बाबा म्हणाले. "लागत नाही." आणि मोनूला, "काय म्हणते वो मशीन?"

मोनूनं डोळे मोठे केले. मग ओठ पुढे काढून आवाज करून दाखवला, "घर्रर्र."

मी जिथे होते तिथेच थांबले. तिनं तंतोतंत तोच आवाज काढला होता. दोन माईकांवर मी ऐकलेला, लोकांनी ऐकलेला, कानपूरच्या माणसानं ऐकलेला.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मला त्या दुपारचं त्यांचं पाहणं आठवलं; हेडफोन काढून आधी माझ्याकडेच पाहिलं होतं त्यांनी.

"बाबा, तो आवाज माईकचा नव्हता."

"नव्हता."

"तुमाले माहीत होतं?"

"पस्तीस वर्षं दुसरं काय केलं बाई मी?" त्यांनी मोनूच्या हातातून स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि मांडीवर आडवा ठेवला. "मी तर सांगतलं त्याले. बेअरिंग गेली म्हनून. तो हासला."

"मी आत्ता सांगते त्याईले. दुपारीच जाऊ दवाखान्यात."

"थांब." त्यांना श्वास घ्यावा लागला. "चौदा एप्रिलले पॉलिशचं दुकान उघडते त्याचं. बोर्ड रंगवायले देला. मशीन यायची हाय. आता सांगशीन, तर सगळं सोडून माह्या उशाशी बसन तो. मले माहीत हाय माहा पोरगा. मायच्या टायमाले बसला होता, तर कॉलेज गेलं त्याचं."

सासूबाई, भीमाबाई, गेल्या तेव्हा मी या घरात नव्हते. पण भिंतीवर त्यांच्या फोटोशेजारी पियूषची कॉलेजची अर्धवट राहिलेली फाईल अजून टांगलेली आहे, ते मी रोज पाहते.

"चालू लाईन मधातच बंद करता येत नाही, बाई," बाबा म्हणाले. "शटडाऊनची तारीख असते. तवर गिरीस देऊन चालवा लागते."

"अन् नाही चालली तवर तर?"

"चालते. मी आयकतो ना रोज." ते हसले. "चौदा एप्रिल होऊ दे. पंधराले तू म्हनशीन त्या दवाखान्यात येतो. तवर चूप राय. राहशीन?"

जी बाई मच्छर चावला तरी दवाखाना गाठते, ती त्या दिवशी हो म्हणाली. का म्हणाले, याचं उत्तर मी पुष्कळदा शोधलं आहे. घाबरट माणसाला कुणी विश्वासात घेत नाही. त्या घरात पहिल्यांदा कुणीतरी मला काहीतरी सांभाळायला दिलं होतं. हेही असेल. किंवा मला वाटलं असेल की पस्तीस वर्षं ज्याचं ऐकून साहेब लोक लाईन चालू ठेवायचे, त्याचा अंदाज चुकणार नाही.

मी गप्प राहिले आणि मोजत राहिले. मार्चच्या पहिल्या आठवड्यात बाबा ड्रायव्हरच्या दारापर्यंतच पुसायचे. दुसऱ्या आठवड्यात फक्त बॉनेट. मी रोज सकाळी ठरवायची, आज सांगायचं. रोज सकाळी ते खिडकीकडे पाहून, मला दिसावं म्हणून, सुताचा गोळा जरा उंच धरून हलवायचे. चालू आहे लाईन.

*

वीस तारखेला गोळा हलला नाही. मी बाहेर धावले. बाबा बंपरला टेकून खाली बसले होते आणि ओठ त्या दिवशीच्या बॉनेटसारखे जांभळे झाले होते.

"पियूष!" मी ओरडले. त्या वेळी मला आठवलं की मी त्याला नावानं कधी हाक मारत नाही.

त्याच मारुतीतून नेलं. पियूष गाडी चालवत होता, मी मागे बाबांचं डोकं मांडीवर घेऊन. काच वर होती. गाडीत दुसरा कसलाच आवाज नव्हता, फक्त तो एकच. पियूषला तो ऐकू येत होता की नाही, मला माहीत नाही. तो हॉर्न वाजवत होता.

डॉक्टर बाई तरुण होत्या, शांत बोलणाऱ्या. छातीचा फोटो उजेडाला धरून त्यांनी विचारलं, बिडी ओढायचे का? धुळीत काम होतं का? पियूष दोन्हीला हो म्हणाला. फुफ्फुसं आतून आखडली आहेत, त्या म्हणाल्या. मुळातून बरं होणारं नाही हे, पण वेळेवर आले असते तर ऑक्सिजन लावून, औषधं देऊन थोडं पुढे ढकलता आलं असतं.

"घर में किसी ने नोटिस नहीं किया? साँस की आवाज़ तो दूर से आती है ऐसे केस में."

"नहीं मॅडम," पियूष म्हणाला. "कुछ पता ही नहीं चला. कोई लक्षण ही नहीं था."

मी त्याच्या शेजारी उभी होते. मोनू कडेवर होती, माझी बांगडी फिरवत होती.

बाबांना मास्क लावला होता. प्लॅस्टिकचा, पारदर्शक. दुसऱ्या दिवशी मी एकटी आत गेले, तेव्हा त्यांनी तो बोटानं जरा उचलला. मी घाबरून परत बसवायला गेले. ते म्हणाले, "मनाई नोको करू. ह्याच्यात आपलाच आवाज येते." मग थोड्या वेळानं, "बोर्ड झाला का?"

"झाला, बाबा. निळा रंगवला."

"अक्षर?"

"पांढरं."

त्यांनी मान हलवली. मास्क स्वतःच सारखा केला.

सहाव्या दिवशी दुपारी ते गेले.

*

चौदा एप्रिलला दुकान उघडलं. पियूषची इच्छा नव्हती. मीच म्हणाले, बाबांनी तारीख दिली होती. तिथवर बोलता आलं मला. गाणी लावली नाहीत. बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्ती लावली, बाजूला बाबांचा फोटो ठेवला, वंदना म्हटली, आणि शेजारच्या कलावती काकूंनी सगळ्यांना पेढा दिला. पांढरी मारुती शेडच्या तोंडाशी उभी होती. नवीन पॉलिशची मशीन खोक्यातून निघाली, पण पियूषनं ती मारुतीवर चालवली नाही. पहिल्या दिवशी पाहायला आलेला एक जण म्हणाला, "भैया, दुकान पॉलिश का, और अपनी ही गाड़ी पे इतने स्क्रॅच?" पियूष म्हणाला, "वो सैंपल है."

चार दिवसांनी दुपारी काम नव्हतं. पियूष शेडमध्ये खुर्चीवर बसून जुने तुकडे काढत होता. दुकानाच्या व्हिडिओत बाबा थोडे तरी दिसावेत, असं त्याला वाटत होतं. मी डबा घेऊन गेले तेव्हा त्याच्या कानावर हेडफोन होता आणि तो हलत नव्हता.

चांगल्या माईकची एक गोष्ट मला तेव्हा कळली. दोन माईकांचा आवाज तो दोन वेगळ्या जागी ठेवतो. पियूषनं स्वतःचा बंद केला होता आणि एकट्या बाबांचा लावला होता. टॉवेलच्या व्हिडिओतला.

त्यानं एका कानावरचा हेडफोन काढून माझ्या कानाला लावला.

आधी कापड घासल्याचा आवाज. मग बाबा, अगदी हळू, गाडीशी बोलत होते. पियूष कॅमेऱ्यापुढे बोलत असताना ते बोलत असतील, कुणालाच ऐकू गेलं नव्हतं. "उभी राय बाई. पोरगा फोटो काढून राहिला." मग थांबणं. मग तो आवाज. आत, खाली, स्वच्छ. श्वास वर चढताना एकदा, उतरताना एकदा. माझे ओठ आपोआप मोजायला लागले.

"हा माईकचा नोय," पियूष म्हणाला.

"नोय."

"त्याईनं सांगतलं होतं मले. बेअरिंग म्हणून." त्याची नजर पडद्यावर होती. "तुले आला होता का कधी हा आयकू?"

शेडमध्ये पंखा फिरत होता. डबा माझ्या हातात गरम होता.

"हो," मी म्हणाले.

कधी, ते त्यानं विचारलं नाही. मी वाट पाहिली. त्यानं विचारलं असतं तर मी ओट्यावरची दुपार सांगितली असती, मोनूचा आवाज, खिडकीतून हलणारा गोळा, सगळं सांगितलं असतं. त्यानं माझ्या हातातून डबा घेतला आणि बाजूला ठेवला.

त्या व्हिडिओखाली कुणीतरी नवीन आलं होतं. पियूषनं ते मला दिसेल असा मोबाईल धरला. 'भाई वीडियो पुराना है, फिर भी बता दूँ. दूसरे माइक में घर्र-घर्र है. आजकल एक बटन से साफ हो जाता है. साफ करके दोबारा डालो, और अगली बार अच्छा माइक लेना.'

पियूष खूप वेळ ते वाचत बसला. ते बटन त्याच्याकडे होतं, मला माहीत होतं. त्यानंच मला एकदा दाखवलं होतं. त्यानं काहीतरी लिहिलं, पुसलं. परत लिहिलं.

'माइक अच्छा ही था भाई.'

पाठवलं, हेडफोन दोन्ही कानांवर नीट बसवला आणि डोळे मिटले. त्याची मान डावीकडे किंचित कलली होती.